लाल ठिपका

परवा आमच्या अ‍ॅपचा जुना आराखडा हाती लागला आणि माझं मलाच हसू आलं.

इथे अमेरिकेत एका हॉस्पिटलसाठी आम्ही लॅबचे रिझल्ट डॉक्टर-नर्सच्या मोबाईलवर पोचवणारं अ‍ॅप करत होतो. माझी कल्पना साधी. आकडा नॉर्मलच्या बाहेर गेला की लाल ठिपका, आणि फोन थरथरणार. डेमोला टाळ्या वगैरे पडल्या. तीन आठवड्यांनी वॉर्डात गेलो तर तिथल्या एका जुन्या नर्सबाईंनी आपला फोन पुढे केला. सगळी नोटिफिकेशन्स बंद! म्हणाल्या, "बाबा रे, हा दिवसभर ओरडतो. खरा कधी ओरडतोय ते मी कसं ओळखू?"

मग गणित मांडलं. नॉर्मल रेंज म्हणजे साधारणपणे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. म्हणजे धडधाकट माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तरी निदान एक 'अ‍ॅबनॉर्मल' निघायची शक्यता ६४ टक्के! आणि हॉस्पिटलात तर सगळे आजारीच. (इंजिनिअर असून हे आधी सुचलं नाही. असो.)

त्याच आठवड्यात एका पेशंटचं पोटॅशियम ६.९ आलं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. इतकं वाढलं तर हृदय बंदही पडू शकतं. आमच्या पडद्यावर त्याचा ठिपका किंचित कमी झालेल्या क्लोराइडच्या शेजारी, अगदी त्याच लाल रंगात. कुणी पाहिलाच नाही. पेशंट वाचला तो लॅबवाल्याच्या टेलिफोनमुळे. त्याने आकडा सांगितला, बाईंनी लिहून घेऊन परत वाचून दाखवला, आणि डॉक्टर धावले. ते परत वाचून दाखवणं मला तोवर निव्वळ जुनाटपणा वाटायचा.

मग लाल रंग फक्त जीवघेण्या आकड्यांना ठेवला. मेसेज उघडला म्हणजे निरोप पोचला, हे धरणं सोडलं. 'मी बघतो' हे बटण दाबायलाच हवं. दहा मिनिटांत नाही दाबलं तर निरोप पुढच्या माणसाकडे. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, तेही आकड्याला चिकटूनच लिहिलं. लॅबचा फोन मात्र तसाच ठेवला.

नंतर बाईंना भेटलो. नोटिफिकेशन्स चालू होती. खिशात कागदाचा कपटा आणि पेनही होतंच.

"ते राहू दे," म्हणाल्या.