चौथा काढायचं बटण

परवा जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि बाबा गप्पच झाले. आमचे बाबा रिटायर्ड रेल्वेवाले, मुक्काम भिसेगाव. बोरघाटात १:३७ ची चढण, म्हणून कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, हे बघतच आम्ही वाढलो. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "उतारावर गाडी इंजिनानं धरायची."

माझी जुनी ऑटोमॅटिक, चार गिअरची. उतारावर पाय उचलला की बाईसाहेब चौथ्यात, मग सगळा भार ब्रेकवर. चौथा बंद करायचं ओव्हरड्राइव्हचं बटण लिव्हरवर आहे, पण ऐन वळणात स्टिअरिंग कोण सोडणार? शनिवारी अंगणातच त्या बटणाच्या दोन वायरींना समांतर एक स्विच जोडून स्टिअरिंगशेजारी बसवला. थेट गिअरबॉक्सच्या सोलेनॉइडला हात लावला नाही. तिसरा कधी टाकायचा ते गाडीचा कॉम्प्युटरच ठरवतो, नाहीतर भलत्या वेगात इंजिन किंचाळायचं. (फारच तीव्र उतार असेल तर दुसरा मात्र लिव्हरनेच टाकायचा.)

रविवारी परत घाट. स्विच दाबला, आरपीएम चढले, गाडीला लगाम बसला. खोपोली येईपर्यंत बाबांनी खिडकीवरचं हँडल सोडलं होतं.