सागरमार्गावरील बिऱ्हाड

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावें तें गोगलगाईनें, असें आम्ही समजत होतों. परंतु आस्ट्रेलियांत मुलाकडे गेलों असतां आम्हां उभयतांस निजण्याची सोय असलेली मोटार भाड्यानें घेऊन ‘ग्रेट ओशन रोड’वर चार रात्री तोच संसार करण्याचा योग आला. रहदारी तेथेंही डावीकडूनच. म्हणून गाडी आम्हींच हांकली.

मार्ग सुमारें २४३ किलोमीटरांचा. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांनीं मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ १९१९ ते १९३२ या काळांत तो कुदळ-फावड्यांनीं खणला. युद्धाचें इतकें उपयुक्त स्मारक आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

खर्च बेताचा, सबब उपाहारगृह वर्ज्य. तेथील पुष्कळ सार्वजनिक उद्यानांत विजेवर तापणाऱ्या लोखंडी पाट्या फुकट वापरावयास मिळतात. पूर्वी तींवर कोणीं काय भाजलें असेल, हा प्रश्न सौभाग्यवतीनें पाटी तीनदां घांसून सोडविला व थालीपीठें लावलीं.

एकत्र कुटुंबांत आमचें परस्परांशीं बोलणें म्हणजे बहुधा कोणाचें तरी औषध अथवा वाणसामान. गाडींत तिसरें माणूस नव्हतें.

‘लॉक आर्ड’ हें जहाज १८७८ सालीं जेथें फुटलें, त्या घळीपाशीं आम्ही थांबलों. ५४ जणांपैकीं दोघेच वांचले : टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी व ईव्हा कार्मायकेल ही तरुणी. दोघांचा विवाह व्हावा असें लोकांस फार वाटे. पण ती आयर्लंडास परत गेली.

“बरें झालें हो,” सौ. म्हणाली, “तिला जातां तरी आलें.”

शाळा संपल्यावर तिला पुण्यास जाऊन पुढें शिकावयाचें होतें, हें लग्नानंतर ४१ वर्षांनीं आम्हीं तेथें प्रथम ऐकलें. त्या रात्रीं ती आपल्या गणिताच्या बाईंविषयीं बराच वेळ बोलत होती. आम्हीं दिवा मालवला नाहीं.