आडवाटेची धमनी

वैद्यकातील नावे सहसा रुक्ष असतात. ‘आर्टेरिया लुसोरिया’ हे नाव मात्र तसे नाही. घास गिळण्याच्या त्रासाने वर्षानुवर्षे खंगत गेलेल्या एका स्त्रीची हकीकत डेव्हिड बेफोर्ड या इंग्रज शल्यचिकित्सकाने लिहिली. ती १७९४ साली लंडनमध्ये छापली गेली. शवविच्छेदनात तिच्या उजव्या हाताची धमनी भलत्याच वाटेने गेलेली आढळली होती. ‘लुसस नातुरे’, म्हणजे निसर्गाचा खेळ, या लॅटिन शब्दांवरून हे नाव पडले.

आमच्या घरात ते आले मोठ्या बाबांमुळे. सडक अर्जुनीहून त्यांना अँजिओग्राफीसाठी नागपूरला नेले होते. उजव्या मनगटातून घातलेला कॅथेटर हृदयाकडे वळेना. पुन्हापुन्हा खाली उतरणाऱ्या महाधमनीतच जाई. शेवटी जांघेतून तपासणी उरकली. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. पण उजव्या हाताची धमनी, जी एरवी महाधमनीच्या पहिल्या फाट्यातून निघते, ती मोठ्या बाबांच्या शरीरात सर्वांत शेवटी, डावीकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे आली होती. (नावातच सडक असलेल्या गावच्या माणसाला अशी आडवाट मिळावी, हा विनोद त्यांचाच.)

अशा बहुतेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. तरी डॉक्टरांनी विचारले, “घास अडकतो का?”

“अडकते ना जी, लहानपणापासूनच.”

आमचा मुलूख धानाचा. पंगत उठली तरी मोठे बाबा भाताच्या घासागणिक पाण्याचा घोट घेत बसलेले असत. आजी त्याला नखरे म्हणे. पुढे लग्नकार्यात ते जेवणेच टाळू लागले. सत्तर वर्षे ज्याला स्वभाव म्हटले गेले, ती शरीररचना होती.

अहवालातल्या शब्दाचा अर्थ मुलाने त्यांना ‘जन्मजात दोष’ असा सांगितला, तो मला खटकला. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत टिकायची ती कमान विरते, विरायचा तो भाग टिकतो. यात दोष कोणाचा? ‘लीला’ म्हणावे, तर त्यातला भक्तिभाव अडकलेले सगळे घास सहज गिळून टाकतो. ‘थट्टा’ त्यातल्या त्यात प्रामाणिक. पण ती तर पंगतीत पुष्कळ झाली होती.

शस्त्रक्रियेची गरज नव्हती. मोठ्या बाबांनी एवढेच मागितले, की कारण मराठीत लिहून दे. मी लिहिले : उजव्या हाताची धमनी अन्ननलिकेच्या मागून जाते, म्हणून घास अडकतो. आजी आता नाही. तो कागद त्यांनी धाकट्या बहिणीला वाचायला दिला.