सरपंच झालेल्या भाचीस

कराड,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. सोनूस,

विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा की नाही, असं तू विचारलंस. मांड. पण २६ जानेवारीला नको, १ मेच्या सभेत मांड. मधले तीन महिने कशासाठी हवेत, ते सांगायलाच हे पत्र लिहिते आहे. फोनवर हे नीट बोलता येत नाही, दोन्हीकडे घरात माणसं असतात.

तुझ्या एका सदस्याचं म्हणणं आहे की हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, पंचायतीने त्यात पडू नये. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांग की घरचा प्रश्न असता तर तो घरात मिटला असता. बांगड्या फोडायला गाव जमतं. नवरा गेलेली बाई आपल्या हाताने कुंकू पुसत नाही. भावकीतल्या बायका पुढे होतात आणि पुसतात, त्यातही बहुतेक वेळा ज्यांचं स्वतःचं पूर्वी पुसलं गेलं त्याच. सासूला मनातून नको असतं, पण ती गावाकडे बघते. गावातले म्हणतात, घरच्यांनी ठरवायचं, आम्ही कोण. एवढ्यात ते होऊन जातं. सगळ्यांनी मिळून होणारी गोष्ट एकट्या घराला थांबवता येत नाही. सगळे एकत्र बसून निर्णय घेतात अशी जागा गावात ग्रामसभाच आहे, म्हणून हा विषय तिथलाच आहे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने हेच ओळखलं. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. ठराव मांडणारी बाई होती आणि अनुमोदन देणारीही बाईच होती. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षं पुरी होत होती. शाहूंनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, त्याच मुलखातलं हे गाव. पुढे १७ मे रोजी ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. या विचारामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे होते. कोरोनात तरुण माणसं पटापट गेली आणि विशी-तिशीतल्या पोरींच्या वाट्याला हे सगळं आलं, ते त्यांनी जवळून पाहिलं. आपल्या माघारी आपल्या पत्नीवर ही सक्ती होऊ नये, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. हे मला फार मोठं वाटतं. जिवंतपणी, ताठ मानेने, नवऱ्याने स्वतः सांगणं! तुमच्या गावात पाच पुरुष जरी असं लिहून द्यायला तयार झाले, तरी तुझं निम्मं काम झालं. त्यांना शोध. तीन महिने त्यासाठी हवेत.

तुझे काका गेले तेव्हा तू लहान होतीस. घाटावर काय झालं ते मी लिहीत नाही, ते थोड्या वेळात संपलं. संपलं नाही ते त्यानंतरचं. आपल्या थोरलीच्या लग्नात हळद लावताना मला कुणी नको म्हटलं नाही, फक्त हळदीची वाटी माझ्यासमोरून पुढे गेली. वाटी पुढे नेणाऱ्या साऱ्या जणी माझ्यावर माया करणाऱ्या होत्या. माझ्या आजारपणात त्याच उशाशी बसल्या होत्या. कुणाच्या मनात वाईट नसतानाही एका बाईला गावाबाहेर ठेवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि म्हणूनच मला चांगल्या मनांवर हा प्रश्न सोडून द्यावासा वाटत नाही.

आणि बाहेर ठेवणं म्हणजे नुसता मान न मिळणं नव्हे. बारसं, डोहाळजेवण, ओटी भरणं, हळदीकुंकू, या आपल्या बायकांच्या जमण्याच्या जागा. कुणाकडे शिलाईचं काम आहे, कोणत्या बचत गटात जागा झाली, मुलीसाठी कुठलं स्थळ आलंय, तालुक्याला कोणता अर्ज सुटलाय, हे सारं तिथे कळतं. जिला बोलावणं येत नाही तिला बातमीही पोहोचत नाही. घरातला कमावता हात गेलेला, आणि नेमक्या त्याच वेळी तिचा गावाशी असलेला धागा तुटतो.

म्हणून माझा आग्रह आहे की ठरावात बांगड्यांबरोबर सातबाराही यावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस ठरवलं आहे आणि तिचा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा आहे. पण वारस नोंदीचा अर्ज करायचे दिवस आणि सुतकाचे दिवस एकाच सुमाराचे. पांढरं कपाळ घेऊन कोपऱ्यात बसलेल्या सुनेने दिरापुढे 'माझं नाव लावा' म्हणायचं, हे आपल्याकडे निर्लज्जपणाचं मानतात. दोन-तीन वर्षांनी ती विचारते तेव्हा माहेरी निघून जायला सांगितलं जातं. ठरावात असं लिही की दुखवट्याचे दिवस संपताच ग्रामपंचायत त्या बाईकडून वारस नोंदीचा अर्ज भरून घेईल, ती निराधार असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज भरून घेईल. त्या योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण ती तिच्या नावाच्या खात्यात येते. हे काम करायला तुला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हाताऱ्या बायका म्हणतील, हे पूर्वापार आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुला माहिती असू दे. आपल्यासारख्या शेतकरी, कारागीर जातींत विधवेचा पाट लागत असे, मोहतूर होत असे. संसार पुन्हा उभा राहत असे. जसजशी घरं सधन झाली, तसतसं पाट लावणं कमीपणाचं वाटू लागलं. आपल्या पणजीच्या काळी जी मोकळीक होती ती आजीच्या काळी उरली नाही. मग पूर्वापार कुठलं धरायचं?

ब्राह्मण घरांत तर केशवपनाचा जाच होता. त्याला विरोध कुणी केला, तर १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत जमलेल्या न्हाव्यांनी. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला हा प्रसंग नेहमी आठवतो, कारण ज्यांच्या हातून ते कृत्य होत होतं त्यांनीच हात मागे घेतला. आपल्या गावातही ज्या हातांनी बांगड्या फुटतात ते हात आहेत. त्या चार-पाच म्हाताऱ्या कोण, हे तुला ठाऊक आहे. प्रत्येकीच्या घरी जा, चहा घे, तिच्यावर काय गुदरलं ते आधी ऐकून घे. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही. त्यांनी 'आम्ही यापुढे करणार नाही' म्हटलं, तर ठरावाला विरोध करणाऱ्याच्या हातात काही राहणार नाही.

नुसत्या कायद्याने काय होतं तेही बघ. पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्याने मान्यता मिळाली होती. तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा कर्व्यांच्या बाजूने, गाव विरोधात. तुझ्या ठरावाला कायद्याचं बळ नाही, दंड नाही, शिक्षा नाही, हे कुणी तुला हिणवून सांगेल. गावाने आपण होऊन दिलेला शब्द हेच त्याचं बळ आहे, आणि कर्व्यांना नेमकं तेच मिळालं नव्हतं.

एक शंका तू लिहिली आहेस ती खरी आहे, की आपण कुंकू-मंगळसूत्राचंच महत्त्व वाढवतो आहोत का. मीही यावर पुष्कळ विचार केला. टिकली, बांगड्या, गजरा हे आपण परकर-पोलक्यात असल्यापासूनचं आहे, ते नवऱ्याने दिलेलं नाही, तेव्हा त्याच्याबरोबर जाण्याचं कारण नाही. मंगळसूत्र आणि जोडवी लग्नातली. ती ठेवायची की काढायची हे तिने ठरवावं, कधी ठरवायचं तेही तिनेच. म्हणून ठरावात 'घातलंच पाहिजे' असा एकही शब्द येऊ देऊ नकोस. कुणीही सक्ती करणार नाही, एवढंच हवं. एखादीला दुःखात काहीच नको वाटलं, तर तिलाही कुणी सुधारणेचा धडा देऊ नये.

आणि ते 'विधवांसाठी खास हळदीकुंकू' मात्र करू नकोस. मंडप, पाहुणे, फोटो, आणि वेगळी रांग. तिथे जाऊन बाईला आपण कोण आहोत हे पुन्हा सांगितलं जातं. त्यापेक्षा रथसप्तमीपर्यंत तुझ्या स्वतःच्या घरचं जे हळदीकुंकू होईल, त्याला शेजारच्या दोघी-तिघींना इतरांसारखंच बोलावणं कर. त्याच सतरंजीवर, तोच तिळगूळ, तेच वाण. कुणी उठून गेली तर जाऊ दे, पुढच्या वर्षी येईल. सरपंचाच्या घरी काय झालं ते संध्याकाळपर्यंत वाडीवस्तीवर कळतं.

आता कामाचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण बहुतेक ठिकाणी ती फक्त कागदावर होते, वहीवर सह्या फिरवून. तुमच्याकडे ती खरोखर भरव, आणि विषय आधी तिथे घे. वेळ दुपारची नको, त्या वेळी बाया शेतात असतात. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात ठेव. ज्यांचे नवरे गेले आहेत त्यांना निरोप पाठवू नकोस, तू स्वतः जा. ठराव त्यांच्यातल्या एकीने मांडला तर उत्तम, पण भीड घालू नकोस. हेरवाडच्या ठरावाची प्रत आणि ग्रामविकास विभागाचं परिपत्रक ग्रामसेवकांकडून मागवून घे, म्हणजे भाषेवरून अडणार नाही. सातबाराचं कलम मात्र तू घालायचं आहेस, ते विसरू नकोस.

महिला सभेची तारीख ठरली की कळव. मी आदल्या दिवशी मुक्कामाला येईन, आणि त्या म्हाताऱ्यांपैकी तुझ्या थोरल्या चुलत आजीकडे आपण दोघी मिळून जाऊ. ती तुझं ऐकणार नाही, माझं ऐकेल. आईला नमस्कार सांग, तिचा गुडघा कसा आहे ते लिही.

तुझी,
मावशी