तो करडा कोष



आजची नोंद हरभऱ्याची. सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन एकर जॅकी ९२१८ पेरला. डिसेंबर संपता संपता फुलावर आला आणि घाटे अळी दिसायला लागली. गेल्या वर्षी फवारायला उशीर केला आणि चांगलाच फटका बसला. म्हणून यंदा औषध आधीच आणून ठेवलं, पंप धुतला, गड्यालाही सांगून झालं.

आई म्हणाली, "आधी मला आंब काढू दे. एकदा औषध पडलं की ती काय कामाची?"

आमच्याकडे पोटदुखीला अजून आंबच लागते. रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरायचं आणि पहाटे दवाने भिजलं की बाटलीत पिळायचं. एका रात्रीत बाटली भरत नाही. फवारणी दोन दिवस पुढे गेली. मनातून चरफडत होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी फडकं काढायला वाकलो तेव्हा पानाच्या कडेला एक कोष दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, करडा, त्यावर काळे डाग. पूर्वीही खूपदा पाहिलेला. किडीची अंडी समजून आजवर असे कितीतरी चिरडलेत. त्या दिवशी ऊन तिरपं होतं, कोषावर दव होतं, म्हणून जरा निरखून पाहिलं. शेजारी घाटे अळीचं वाळलेलं कातडं चिकटलेलं होतं. अळी मेली कशाने? औषध तर अजून पंपातही पडलं नव्हतं.

फोटो कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दादा, चिरडू नका. तो तुमचा गडी आहे."

ती एक बारीक माशी, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली. नाव कॅम्पोलेटिस क्लोरिडी. मादी घाटे अळी लहान असतानाच तिच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरत वाढतं आणि अळी मोठी होऊन घाट्यात शिरण्याआधीच तिचा निकाल लावतं. मग बाहेर येऊन तिच्या कातड्याशेजारी कोष विणतं.

वाचून बरं वाटलं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. पाचवीतल्या लेकीला घेऊन वीस लहान अळ्या गोळा केल्या आणि एकाच बरणीत ठेवल्या. सकाळी बघतो तर चौदाच! घाटे अळी भावंडांनाही खाते, हे पुस्तकात वाचलेलं विसरलो होतो. मग प्रत्येकीला वेगळी डबी आणि रोज ताजा पाला. त्या चौदांपैकी सहा अळ्यांचे कोष झाले.

नवव्या दिवशी लेक ओरडत आली. एका कोषाच्या टोकाला भोक पडलं होतं आणि डबीत एक काळी, सडपातळ माशी फिरत होती. पाय तांबूस-पिवळे, मिशा सारख्या थरथरत. इतकी नाजूक, की फवाऱ्याचा एक थेंब तिला पुरला असता.

मधल्या काळात शेतात दहा ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजली. बहुतेक ठिकाणी मीटरला एकच्या आत अळी. आर्थिक नुकसानीची पातळी एक ते दोन अळ्यांची. म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क मारला आणि पक्ष्यांना बसायला काठ्यांचे थांबे रोवले. कोतवाल दुसऱ्याच दिवशी हजर. विहिरीकडच्या कोपऱ्यात मात्र मीटरला तीन-तीन अळ्या निघाल्या. तिथे औषध मारावंच लागलं, पण तेवढ्याच पट्ट्यात. म्हणून माझं बघून कोणी फवारणी सोडू नका. आपापल्या शेतात वाका, मोजा, मग ठरवा.

आणखी एक गोष्ट. आई दरवर्षी बांधाच्या कडेने घरापुरते धने टाकते. मी म्हणायचो, जागा वाया जाते. आता कळलं, ही माशी मोठी झाल्यावर फुलांतल्या मधावर जगते आणि धन्याचं बारीक फूल तिच्या तोंडाला बरोबर बसतं. ज्याला मी वाया म्हणत होतो, ती गड्याची भाकरी निघाली.

लेकीने डबी धन्याच्या ताटव्यातच नेऊन उघडली. माशी झाकणाच्या काठावर जरा थांबली, मिशा हलवल्या आणि गेली. आई आंबेची बाटली घेऊन मागेच उभी होती. म्हणाली, "एवढीशी? आणि हिला आपण मारत होतो?"

वीस वर्षं हरभरा करतोय. त्यात वाकून किती वेळा पाहिलं, ते मोजायची सोय नाही.

तुमच्या हरभऱ्यात असे कोष दिसतात का? बघा आणि फोटो टाका. चिरडू मात्र नका.