पैसे कोणाचे?

उसने दिलेले पैसे परत मागताना माणूस कानकोंडा होतो. सरकारजमा झालेले पैसे परत मागताना मात्र तोच माणूस सिंह होतो. अशा सिंहांचे कागद तपासणे हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग. बॅलार्ड इस्टेटमध्ये, कस्टम हाउसपासून हाकेच्या अंतरावर माझे टेबल आहे. परदेशी मालावर आपण जास्त जकात भरली असे ज्याला वाटते, तो 'बिल ऑफ एंट्री'ची चळत घेऊन येतो आणि विचारतो, "बघा हो, काही परत मिळेल का?"

मी आधी तारीख पाहतो. १९६२च्या कस्टम्स कायद्याचे २७वे कलम सांगते की, पैसे भरल्यापासून एका वर्षाच्या आत मागणी करा. निषेध नोंदवून भरले असतील, तर ही मुदत आड येत नाही; पण माल अडकला आहे, गोदीचे भाडे चढते आहे, अशा वेळी निषेध नोंदवण्याचे सुचणार कोणाला? (शंभर रुपयांहून कमी रक्कम सरकार परत करीत नाही. तेवढ्यासाठी धडपडणारा सिंह मला अजून भेटलेला नाही.)

मग पुढची मेख. २०११ पासून आयातदार आपली जकात स्वतःच आकारतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ती आकारणी अपिलाने किंवा कायद्यातल्या दुसऱ्या वाटेने बदलून घेतल्याखेरीज परतावा मागता येणार नाही. म्हणजे आधी कागद सरळ करा, मग हात पसरा. हे न्यायाला धरून आहे. लहान व्यापाऱ्याला परवडणारे नाही, हेही तितकेच खरे.

पण माणसे अडखळतात ती निराळ्याच जागी. जकातीचा भार तुम्ही सोसलात, की गिऱ्हाइकावर ढकललात? कायदा धरूनच चालतो की ढकललात; तसे नाही हे दाखवणे तुमचे काम. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व उचलून धरले. भार पुढे गेला असेल, तर परताव्याची रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा होते.

गेल्या वर्षी चष्म्याच्या फ्रेमा आणणारा एक तरुण आला. चुकीच्या वर्गात माल दाखवून जादा जकात भरलेली. मुदतीला महिना उरलेला. फ्रेमांचे इन्व्हॉइस त्याच वेळचे होते, त्यामुळे दुरुस्तीला आधार होता. स्वारी खुशीत होती. मी त्याच्या वह्या उघडल्या. ती रक्कम 'सरकारकडून येणे' अशी कुठेच नव्हती, सरळ खर्चात टाकलेली. आणि त्याच आठवड्यापासून विक्रीच्या बिलांवर भाव चढलेला.

"काका, भार आम्हीच सोसला असे सर्टिफिकेट एखादा सीए देईल की!"

"देईलही. पण ते माझ्या फायलीला लागणार नाही."

तो चिडला. "सरकारने तरी ते पैसे का ठेवावेत?"

प्रश्न चुकीचा नव्हता. ज्यांनी फ्रेमा विकत घेतल्या त्यांना पाचपन्नास रुपये जादा गेल्याचा पत्ताही नाही, आणि त्यांना शोधत कोण फिरणार? निधीत गेलेला पैसा त्यांच्या खिशात काही परत येत नाही. तरी तो याचा होत नाही, एवढे मला दिसत होते. मी नाकावरचा चष्मा काढून त्याच्यापुढे ठेवला. "तुमच्याच दुकानातला आहे, त्याच महिन्यातला." तो ओशाळून हसला.

मग आम्ही बिले निवडायला बसलो. एका धर्मादाय दवाखान्याला त्याने आधीच ठरलेल्या भावाने माल दिला होता. तिथे एक पैसाही वाढवलेला नव्हता. करारपत्रही सापडले. तेवढा भार निखालस त्याचा. रात्री नऊपर्यंत टेबलावर दोन गठ्ठे झाले: एक मांडीएवढा उंच, एक बोटभर. बोटभर गठ्ठ्याला त्याने स्वतःच सुतळी बांधली आणि विचारले, "उद्या किती वाजता येऊ?"