इसार

आमच्या खंडाळा तालुक्यात कांद्याचा सौदा कधी कधी वाफ्यातच होतो. व्यापारी बांधावरून उतरतो, मधल्याच एखाद्या वाफ्यातला कांदा उपटतो, माती झटकतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि नखाने वरचं साल काढून रंग पाहतो. मग दर ठरतो आणि इसार हातावर पडतो. 2023 च्या डिसेंबरात आबांनी हळवा कांदा असाच दिला होता. इसार पाच हजार. "आठ दिसांत गाडी लावतो," म्हणून व्यापारी गेला. 7 तारखेच्या रात्री केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले आणि गाडी आलीच नाही. आबांनी त्याला फोनही केला नाही. इसार ठेवून घेतला, बायका लावून कांदा काढला आणि मिळेल त्या भावाने लोणंदच्या बाजारात घातला.

मी बारा वर्षं ऑप्शनमध्ये काम करतोय. कॉल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी हाच वाफा सांगतो. व्यापाऱ्याने विकत घेतला तो कॉलच. ठरल्या दराने माल उचलायचा हक्क त्याचा, सक्ती नाही. भाव चढला असता तर त्याने धावत येऊन माल नेला असता, आणि आबांना जुन्याच दराने तो द्यावा लागला असता. इसार म्हणजे प्रीमियम. जुन्या बाजारात या व्यवहाराला तेजी-मंदी म्हणत आणि त्यासाठी मोजलेल्या पैशाला नजराणा. 1956 च्या कायद्याने शेअरवरची तेजी-मंदी बंद झाली, 1995 मध्ये बंदी उठली आणि जून 2001 मध्ये एनएसईवर निफ्टीचे ऑप्शन आले.

आबांच्या सौद्यातली एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ज्याचा इसार त्यांनी घेतला, तो माल त्यांच्या रानात उभा होता.

3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या भरात निफ्टी 23,263 वर बंद झाला. मी त्या दिवशी पुट विकले. पुट विकणं म्हणजे इसार घेऊन शब्द देणं, की भाव कितीही पडला तरी ठरल्या दराने माल मी घेईन. शब्द मोठा होता आणि खात्यात पैसे फक्त मार्जिनपुरते. दुसऱ्या दिवशी निकालांचे कल येत गेले आणि निफ्टी 21,884 पर्यंत उतरला, मधे तर त्याहूनही खाली. मी विकलेल्या पुटचा भाव मिनिटागणिक वाढत होता. दुपारच्या आत सौदा तोडला तेव्हा वर्षभर साठवलेले प्रीमियम एका सकाळीत गेले होते. त्याच सप्टेंबरात सेबीचा अहवाल आला: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. त्यातली माणसं मला ओळखीची वाटली.

आता कॉल विकतो तो हातात असलेल्या शेअरवरच. निवडणूक, बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण अशा तारखांआधी थोडे पुट विकत घेतो आणि ते पैसे गेले असंच धरतो, पिकाचा विमा भरल्यासारखे. रोज एक दिवस सरला की त्या पुटातला थोडा भाव झिजतो, हे माहीत असूनही घेतो. महिन्याच्या 12 तारखेला किरकोळ महागाईचा आकडा येतो, पण त्याआधी लोणंदचा लिलाव बघून येतो. भाजीपाल्याची चाल मला तिथे आधी दिसते.

परवा आबांनी विचारलं, "तुझ्या बाजारात माल नाय नेला तर इसार परत मागत्यात का रं?"

"नाही आबा."

"मग सरळ हाय की," म्हणाले, आणि खोरं खांद्यावर टाकून दारं धरायला गेले.